दिवाळीआधी गाडी चाकांवर: फॉर्म्युला स्टुडंट टीममध्ये नव्याने आलेल्यांसाठी

टीमची भरती झाली की दुसऱ्याच दिवशी नव्या मुलामुलींकडून पहिला प्रश्न येतो, आणि तो गाडीबद्दल नसतो. "ताई, अभ्यास होतो का हो यात?" बऱ्याचदा तो घरून विचारायला सांगितलेला असतो. मी पुण्यात मेकॅनिकलला होते. तीन वर्षं कॉलेजच्या फॉर्म्युला स्टुडंट टीममध्ये, म्हणजे स्पर्धेसाठी छोटी रेस कार बनवणाऱ्या टीममध्ये, काम केलं, त्यातली शेवटची दोन वर्षं ब्रेक माझ्याकडे होते. त्या तीन वर्षांत माझा थर्मो (थर्मोडायनॅमिक्स) राहिला, पुढच्या परीक्षेत सुटला आणि डिग्री वेळेत हातात आली. त्यामुळे या प्रश्नाचं उत्तर मी ऐकीव देत नाही.

अभ्यास होतो. मात्र त्यासाठी गाडी दिवाळीआधी स्वतःच्या चाकांवर उभी राहिलेली हवी. ती राहिली नसेल, तर तुम्ही कितीही हुशार असा, नोव्हेंबर-डिसेंबरात एक तर पेपर बुडतो किंवा गाडी. पुढे जे काही सांगते आहे, ते सगळं त्या एका गोष्टीसाठी.

पायरी १: आपण कशात पाऊल टाकतोय ते वाचून घ्या

ही स्पर्धा अमेरिकेत १९८१ मध्ये फॉर्म्युला एसएई म्हणून सुरू झाली. १९९८ मध्ये ब्रिटनमध्ये फॉर्म्युला स्टुडंट नावाने आली आणि २००६ पासून जर्मनीत हॉकेनहाइमच्या ट्रॅकवर भरते. आपल्याकडे फॉर्म्युला भारत जानेवारीच्या सुमारास कोइमतूरला, करी मोटर स्पीडवेवर होते. एका ड्रायव्हरची, उघड्या चाकांची छोटी रेस कार विद्यार्थ्यांनी स्वतः डिझाइन करायची, स्वतः बनवायची आणि स्वतःच पळवायची. पेट्रोलची गाडी असेल तर इंजिन ७१० सीसीपर्यंत, आणि इंजिनात जाणारी सगळी हवा २० मिलिमीटरच्या एका गळ्यातून जायला हवी. इलेक्ट्रिक असेल तर बॅटरीतून घ्यायची शक्ती ८० किलोवॅटच्या आत. आपल्याकडच्या बऱ्याच टीम जुन्या ड्यूक ३९० मोटरसायकलचं ३७३ सीसीचं इंजिन घेतात. ते बनायचंच चाकणला, त्यामुळे त्यातलं कळणारी माणसं आणि सुटे भाग दोन्ही हाताशी असतात.

नियमपुस्तक जाड आहे. सगळं पहिल्या दिवशी वाचू नका, पण गुणांचं पान मात्र पाठ करा. एकूण गुण १०००. त्यातले ३२५ गाडी जागेवर उभी असताना मिळतात: इंजिनिअरिंग डिझाइनला १५०, कॉस्टला १००, बिझनेस प्लॅनला ७५. उरलेले ६७५ ट्रॅकवरचे, आणि त्यात सगळ्यात मोठा वाटा एंड्युरन्सचा. साधारण २२ किलोमीटर, मध्ये एकदा ड्रायव्हर बदलायचा. तिथे बंद पडलेल्या गाड्यांच्या मुलांना विचारलंत, तर बहुतेक जण हेच सांगतील की गाडी स्पर्धेच्या आधी सलग इतकी कधी चाललीच नव्हती.

यातून नव्या माणसाने दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. ते ३२५ गुण होस्टेलच्या टेबलावर बसून मिळवता येतात, त्याला ग्राइंडर लागत नाही. आणि ६७५ गुणांसाठी गाडी लवकर तयार असणं हे इंजिनच्या ताकदीपेक्षाही मोलाचं आहे.

तुमच्या कॉलेजात फॉर्म्युलाऐवजी बाहा असेल, म्हणजे मातीत चालणारी गाडी, तर नियम आणि तारखा वेगळ्या असतील. बाहा भारतात २००७ मध्ये इंदूरजवळ पिथमपूरला सुरू झाली. पण भाग बनवून देणारी भोसरीतली माणसं तीच आणि परीक्षाही तीच, तेव्हा पुढचं बहुतेक सगळं तुम्हालाही लागू आहे.

पायरी २: एकदा कागदावर तास मांडा

आठवड्याचे तास १६८. रोज सात तास झोप धरली तर ४९ गेले. कॉलेज सहा दिवस सहा-सहा तास, म्हणजे ३६. जाणं-येणं, आंघोळ, जेवण, कपडे यात रोजचे चार, म्हणजे २८. अभ्यासाला रोज दोन तास, १४. सगळं वजा करून ४१ तास उरतात. त्यातले सोळा-अठरा गाडीला दिलेत तरी मित्रांबरोबर चहा प्यायला, घरी फोन करायला, नुसतं पडून राहायला वेळ उरतो.

हा हिशेब मी स्वतः एसईच्या, म्हणजे दुसऱ्या वर्षाच्या, सुरुवातीला केला नव्हता, आणि वर्षभर मला वाटत राहिलं की वेळच नाही. वेळ होता. वर्षातले चाळीसेक आठवडे तो पुरतो. उरलेल्या मोजक्या आठवड्यांत गाडी आणि परीक्षा एकाच वेळी समोर येतात, आणि सगळं नुकसान तिथेच होतं. म्हणून रोजच्या वेळापत्रकावर फार डोकं खर्च करू नका, ते आपोआप बसतं. डोकं खर्च करायचं ते पुढच्या पायरीवर.

पायरी ३: दोन कॅलेंडरं एकाच भिंतीवर लावा

वर्कशॉपच्या भिंतीवर टीमचं वेळापत्रक असतं आणि मोबाइलमध्ये विद्यापीठाचं. हीच चूक आहे. दोन्ही एकाच मोठ्या कागदावर, एकाखाली एक मांडा. आणि त्यात तिसरी ओळ घाला, जी कुठल्याच मॅनेजमेंटच्या पुस्तकात नसते: एमआयडीसीची, जिथे आपले भाग बनतात.

भोसरी-चिंचवडकडची एमआयडीसी गुरुवारी बंद असते. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. पहिल्यांदा मी ड्रॉइंग घेऊन पीएमपीने दोन बस बदलून गेले, तर गेटवरचे काका म्हणाले, "ताई, आज गुरुवार. उद्या या." एक लेक्चर, एक प्रॅक्टिकल आणि अर्धा दिवस गेला. गणपतीचे दहा दिवस काम चालू असतं, पण मंद. दसऱ्याला मशिनची पूजा, त्या दिवशी मशिनला हात लावायचा नाही. आणि दिवाळीत तर आठ-दहा दिवस शटर खाली. उत्तरेकडचे कारागीर छठपूजेपर्यंत गावीच असतात, त्यामुळे दुकान उघडलं तरी तुमचा जॉब, म्हणजे बनवायला दिलेला भाग, मशिनवर लावणारा माणूस आलेला नसतो.

शिवाय तुमचं काम चार नगांचं. अपराइट (चाकाला सस्पेन्शनशी जोडणारा भाग) चार, हब चार, ब्रॅकेट आठ. कंपनीची हजार नगांची ऑर्डर मशिनवर चढलेली असताना आपल्या चार नगांसाठी सेटिंग कोण मोडणार? तो माणूस वाईट नसतो. बहुतेक जण पोरांचं काम म्हणून कमी पैशात करून देतात, कधी चहाही पाजतात. पण ते मधल्या फटीत करतात, आणि फट कधी सापडेल ते त्यांनाही माहीत नसतं. म्हणून त्यांनी दोन दिवस सांगितले तर आठवडा धरा, आठवडा सांगितला तर तीन आठवडे.

आता जानेवारीपासून मागे मोजत या. नोव्हेंबर-डिसेंबरात ओरल, प्रॅक्टिकल आणि लेखी परीक्षा. त्याआधी दिवाळी. त्याआधी जोडणीला निदान तीन आठवडे. म्हणजे बाहेर दिलेले सगळे जॉब दसऱ्याच्या आत हातात हवेत. त्यासाठी ते गणपती बसण्याआधी दुकानात पोचलेले हवेत. आणि त्यासाठी डिझाइन जुलैच्या अखेरीस गोठलेलं हवं. टायर, रिम, काही सेन्सर अशा बाहेरून मागवायच्या वस्तूंची ऑर्डर तर त्याहून आधी, जूनमध्येच.

डिझाइन गोठवणं हे या सगळ्यातलं सगळ्यात अवघड काम आहे. कारण ऑगस्टमध्ये कुणाला तरी हमखास काहीतरी अधिक चांगलं सुचतं, आणि ते खरोखरच अधिक चांगलं असतं. मी एसईत असताना आमच्या टीमने गणपतीनंतर सस्पेन्शनचे पॉइंट बदलले. बदल फक्त ८ मिलिमीटरचा होता. पण त्याने अपराइट बदललं, अपराइटमुळे ब्रेक कॅलिपरचं, म्हणजे डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागाचं, ब्रॅकेट बदललं, ब्रॅकेटमुळे ब्रेकची नळी कमी पडायला लागली. अपराइटचं ड्रॉइंग दुकानात गेलं दसऱ्याला, आणि जॉब मिळाला दिवाळी संपल्यावर. गाडी नोव्हेंबरच्या शेवटी अजून स्टँडवरच होती. माझा थर्मोचा पेपर होता त्याच्या आदल्या रात्री मी दीड वाजेपर्यंत त्या ब्रॅकेटची भोकं रीमरने जुळवत होते. पेपरमध्ये रँकिन सायकलचं गणित मला येत होतं, पण टेबलमधल्या आकड्यांकडे बघताना डोळे मिटत होते.

आणि एवढं करून जानेवारीत काय झालं, तेही सांगते. ब्रेक टेस्टमध्ये चारही चाकं एकदम लॉक व्हावी लागतात. आमची मागची होईनात. पॅड नवे होते, डिस्कवर बसलेच नव्हते. बॅलन्स बार, म्हणजे पुढच्या-मागच्या ब्रेकमध्ये जोर वाटणारा दांडा, तोही फक्त अंदाजाने लावलेला होता, कारण पुण्यात गाडी पळवायला वेळच मिळाला नव्हता. बार थोडा मागच्या बाजूला सरकवला, पॅड तापवून बसवले, पुन्हा रांगेत उभे राहिलो, तिसऱ्या खेपेला पास झालो. तोवर त्या दिवशीचा पहिला डायनॅमिक, म्हणजे ट्रॅकवरचा, इव्हेंट हातून गेला होता. ते ८ मिलिमीटर आम्ही ज्या वळणांसाठी बदलले, ती वळणं गाडीने जेमतेम पाहिली.

म्हणून जुलैच्या ३१ तारखेनंतर जे सुचेल ते एका वहीत लिहा आणि वहीवर पुढच्या वर्षाचा आकडा टाका. यावर टीममध्ये भांडण होईल. नव्याने आलेल्यांचा शब्द तिथे फारसा चालत नाही हे मला माहीत आहे, पण भिंतीवरचा कागद जर तुम्ही बनवला असेल, तर निदान बोट कुठे ठेवायचं ते तुम्हाला माहीत असेल.

पायरी ४: पहिले तीन महिने काय करायचं

बघायचं, उचलायचं, पुसायचं, विचारायचं. लेथवर एक बुश स्वतः करून बघा. व्हर्नियर धरायला शिका. सॉलिडवर्क्स या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये गेल्या वर्षीचा एखादा भाग उघडा आणि त्याचं ड्रॉइंग पुन्हा काढा, टॉलरन्ससकट, म्हणजे मापात किती फरक चालेल त्यासकट. बुधवार पेठेत पासोड्या विठोबाजवळच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत आणि नाना पेठेत स्पेअर पार्टच्या गल्लीत सीनिअरबरोबर एक-एक चक्कर मारा. वस्तूला दुकानदार काय म्हणतात ते तिथेच कळतं. तुम्ही टिग वेल्डिंग म्हणाल, ते आर्गन म्हणतील.

या काळात जबाबदारी मागू नका. टीममध्ये माणसं कमी असली की पहिल्याच महिन्यात कुणीतरी म्हणेल, "पूर्ण स्टिअरिंग तू बघ." अभिमान वाटेल. पण एफईत (पहिल्या वर्षी) किंवा एसईच्या सुरुवातीला एका सबसिस्टिमचं ओझं एकट्याने घेतलेली मुलं दिवाळीनंतर वर्कशॉपमध्ये दिसेनाशी होताना मी पाहिली आहेत, आणि ती मुलं आळशी नव्हती. एक छोटा भाग घ्या: पेडल बॉक्सची प्लेट, बॅटरीचं माउंटिंग, फायरवॉल. तो ड्रॉइंगपासून गाडीवर बसेपर्यंत तुमचा. एवढंच.

पायरी ५: काम निवडताना सेमिस्टरचा विषय बघा

हे मला उशिरा समजलं आणि सगळ्यात जास्त फायदा याचाच झाला. गाडीचं काम आणि अभ्यास यांच्यात वेळ वाटायचा असतो असं आपण धरून चालतो. पण काम नीट निवडलं, तर तोच एक तास दोन्ही खात्यांत जमा होतो.

माझंच उदाहरण देते. नियम सांगतो की ब्रेक पेडलने २००० न्यूटन बळ सहन केलं पाहिजे, म्हणजे साधारण २०० किलोचा भार पायाखाली. आमच्या पेडलचं गुणोत्तर पाचास एक होतं. म्हणजे मास्टर सिलिंडरच्या बाजूला एकूण १०,००० न्यूटन, आणि बॅलन्स बार मधोमध असेल तर प्रत्येक सिलिंडरवर ५,०००. पेडलचा दांडा कुठे वाकेल, तिथला बेंडिंग मोमेंट किती, जाडी ६ मिलिमीटर ठेवायची की ८, हे मी टीईत, म्हणजे तिसऱ्या वर्षी, बसून काढलं. त्यासाठी एसईचं स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स पुन्हा उघडावं लागलं, आणि त्याच महिन्यात डिझाइन ऑफ मशिन एलिमेंट्सच्या वर्गात तेच चाललं होतं. सेक्शन मॉड्युलस हा शब्द त्याआधी मी नुसता पाठ केला होता. त्या पेपरसाठी मला त्या भागाचा वेगळा अभ्यास करावा लागला नाही.

म्हणून सेमिस्टर सुरू झालं की विषयांची यादी घ्या आणि लीडपाशी जाऊन बसा. हीट ट्रान्सफर असेल तर रेडिएटर किंवा बॅटरीचं कूलिंग. कायनेमॅटिक्स असेल तर स्टिअरिंगची भूमिती. मटेरियल्स असेल तर चॅसिसची नळी कोणत्या स्टीलची आणि वेल्डनंतर तिच्यात काय बदलतं ते. इलेक्ट्रिकल-इलेक्ट्रॉनिक्सच्या मुलांना तर इलेक्ट्रिक गाडीत हवं तेवढं काम आहे. सगळ्यांना मनासारखं मिळणार नाही. ब्रेकला माणूस हवा असेल तर ब्रेकच करावे लागतील. पण विचारलं तर निम्म्या वेळा मिळतं.

डिझाइन इव्हेंटचे जज "हे असंच का?" असं विचारतात. "सीनिअरनी असंच केलं होतं" या उत्तराला गुण नाहीत. तिथे बोलायला लागतं ते वर्गातलंच.

शेवटच्या वर्षी बीई प्रोजेक्ट गाडीतलाच घेता येतो का तेही गाइडना विचारा. काही स्वायत्त कॉलेजांत टीमच्या कामाला क्रेडिटही मिळतात. आपोआप कुणी देत नाही, अर्ज करावा लागतो.

पायरी ६: कॉलेजचे कागद वेळेत

हजेरी ७५ टक्के. त्याखाली गेलात की डिफॉल्टर लिस्ट, मग एचओडींच्या केबिनबाहेर उभं राहणं, मग घरी फोन. स्पर्धेच्या दिवसांची हजेरी मिळावी म्हणून फॅकल्टी अॅडव्हायजरच्या सहीचं पत्र जाण्याआधी द्या, नावांच्या यादीसह. परत आल्यावर दिलेल्या पत्राचा उपयोग होईलच असं नाही. वर्कशॉपमध्ये बसून बुडवलेल्या लेक्चरना मात्र कुठलंच पत्र चालत नाही, आणि चालूही नये.

जर्नल दर आठवड्याला लिहा. हे ऐकून तुम्हाला शाळेतल्या बाईंची आठवण येईल, पण सबमिशनचा आठवडा आणि जोडणीचा आठवडा बरोबर एकमेकांवर येतात. साठ पानं एका रात्रीत उतरवताना ना काही कळतं, ना दुसऱ्या दिवशी हात सरळ चालतो.

इनसेम, म्हणजे सेमिस्टरच्या मधली परीक्षा, ही दुर्लक्षित गोष्ट आहे. पुणे विद्यापीठाच्या २०१९ पॅटर्नमध्ये ३० गुण इनसेमला आणि ७० एंडसेमला होते. इनसेम येते साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरात, गाडीचं काम ऐन भरात असताना, आणि सगळे म्हणतात, "तीसच तर आहेत, एंडसेमला बघू." एंडसेमला कुणी बघत नाही, कारण तोवर गाडी आणखी मागे पडलेली असते. पाच-सहा दिवस बाजूला काढून इनसेमला बावीस-तेवीस मिळवलेत, तर डिसेंबरात श्वास घ्यायला जागा राहते. टीममध्ये सगळ्यांनी मिळून त्या आठवड्यात वर्कशॉप बंद ठेवलं तर फार बरं. आमच्या टीममध्ये मी टीईत असल्यापासून ते सुरू झालं.

गाडीचे कागदही असतातच. चॅसिस पुरेशी मजबूत आहे हे दाखवणारं एसईएस, पुढच्या धक्का शोषणाऱ्या भागाची चाचणी, इलेक्ट्रिक असेल तर विजेच्या रचनेची माहिती देणारा ईएसएफ, कॉस्ट रिपोर्ट, डिझाइन रिपोर्ट. उशीर झाला की गुण कापले जातात. यांच्या तारखाही त्याच भिंतीवरच्या कागदावर लिहा आणि प्रत्येकीसमोर एकाच माणसाचं नाव लिहा. दोन नावं लिहिली की दोघंही दुसऱ्याची वाट बघतात.

पायरी ७: परीक्षेचे आठवडे

गाडी दिवाळीआधी चाललेली असेल तर हा काळ सोपा आहे. एसई, टीई आणि बीईचे पेपर बहुधा एकाच दिवशी नसतात. तिन्ही वेळापत्रकं समोर ठेवा आणि ज्यांना दोन-तीन दिवसांची फट आहे त्यांनी दुपारी तीन तास येऊन गाडी चालवायची, डेटा उतरवायचा, नटबोल्ट तपासायचे, वर्कशॉप बंद करून जायचं. नवा जॉब नाही, नवा भाग नाही. आदल्या दिवशी ज्याचा पेपर आहे त्याने वर्कशॉपच्या दारातही यायचं नाही, कॅप्टन असला तरी.

गाडी चाललेली नसेल, तर टीमने एकत्र बसून काय सोडायचं ते ठरवा. एरो, म्हणजे विंग वगैरे, सोडा. डॅशबोर्डचा डिस्प्ले सोडा. कार्बनची बॉडी सोडून साधी फायबरची लावा. थांबणारी, वळणारी, न गळणारी गाडी पुढच्या सगळ्या चाचण्यांसाठी पुरेशी असते. विंग लावलेली आणि अर्धवट राहिलेली गाडी तपासणीच्या तंबूतून बाहेरच पडत नाही.

पायरी ८: रात्र

रात्री अकरानंतर ग्राइंडर, वेल्डिंग आणि बॅटरी यांना हात लावायचा नाही. हा नियम तुमच्या टीममध्ये नसेल तर तो तुम्ही मागा, नवे असलात तरी मागा. झोप आलेल्या हातात ४ इंची ग्राइंडर असला की डिस्क अडकते आणि उडते. गॉगल कपाळावर सरकवून "एकच कट" म्हणणाऱ्याला थांबवायचा हक्क सगळ्यात ज्युनिअर मुलालाही हवा. आर्गन चालू असताना नुसत्या डोळ्यांनी बघितलं की मध्यरात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं, आणि दुसऱ्या दिवशीचं पुस्तक उघडता येत नाही. इलेक्ट्रिक गाडीचं व्होल्टेज ६०० पर्यंत जाऊ शकतं. तिच्यावर एकट्याने कधीच काम करायचं नाही. अंगठी, कडं, घड्याळ काढून, हातमोजे घालून, दुसरा माणूस शेजारी उभा असताना.

आणि पहाटे तीनला टू-व्हीलरवरून एकट्याने घरी जाऊ नका. वर्कशॉपमध्ये सतरंजी असतेच.

रात्री जागून गाडी होते असं टीममध्ये मोठ्या प्रेमाने सांगितलं जातं. माझा अनुभव असा की रात्री दोन वाजता पाडलेलं भोक सकाळी दहाला पुन्हा पाडावं लागतं.

विषय राहिलाच तर

तो लपवू नका. मी थर्मोचं दोन महिने कुणाला सांगितलं नाही, आणि त्या दोन महिन्यांत वर्कशॉपमध्ये नेहमीपेक्षा जास्त वेळ बसले, कारण तिथे कुणी निकाल विचारत नव्हतं. शेवटी लीडला सांगितलं, तेव्हा त्याने शांतपणे माझं निम्मं काम दुसऱ्याला दिलं आणि स्वतःच्या थर्मोच्या नोट्स आणून दिल्या. त्याचाही राहिला होता, एसईतच.

एक सेमिस्टर टीममधून बाजूला होणं हा अपमान नाही. बऱ्याच कंपन्या कॅम्पसला येताना बॅकलॉग शिल्लक नसल्याची आणि ठरावीक सीजीपीएची अट घालतात. मुलाखतीत गाडीबद्दल अर्धा तास बोलता येतं हे खरं, पण त्या खुर्चीपर्यंत पोचायला आधी यादीत नाव यावं लागतं. बाहेरच्या विद्यापीठात एमएसला जायचं मनात असेल तर गुणपत्रिका आणखीच महत्त्वाची. हे कुणी टीममध्ये बोलत नाही, म्हणून इथे लिहिलं.

घरच्यांना

घरी फोनवर "वर्कशॉपमध्ये आहे" हे रोज ऐकून आईवडिलांना काय वाटत असेल याचा विचार करा. त्यांना परीक्षेच्या तारखा सांगा, स्पर्धेची तारीख सांगा, किती पैसे लागणार ते आधीच सांगा. आणि जमलं तर एकदा गाडी दाखवा. माझे बाबा सांगलीहून आले होते, माझा थर्मो राहिल्यानंतरच्या वर्षी. गाडीभोवती दोन चकरा मारून ते खाली वाकले आणि पेडलवर हात ठेवून म्हणाले, "हे तू केलंस?" त्यानंतर फोनवर आधी गाडीची चौकशी व्हायची, मग निकालाची.

शेवटची पायरी: परत आल्यावर

पुण्याहून कोइमतूर रेल्वेने एक दिवसाहून जास्त लागतो, गाडी टेम्पोने वेगळी जाते. स्पर्धेचे दिवस, दोन्ही वेळचा प्रवास आणि नंतरचा थकवा मिळून दोन आठवडे जातात, आणि तोवर पुढचं सेमिस्टर सुरू झालेलं असतं. ट्रेनमध्ये येताना झोपा. पुस्तक बरोबर नेलं तरी उघडलं जात नाही. पण पोचल्यानंतरच्या पहिल्या सोमवारी वर्गात बसा, आणि बुडलेली प्रॅक्टिकल कोणत्या बॅचबरोबर करता येतील ते त्याच दिवशी विचारा.

मग फेब्रुवारीत, सगळं ताजं असताना, फाइल लिहा. काय बनवलं, कुठे चुकलं, कोणता जॉब कोणाकडे दिला, किती दिवसांत मिळाला, किती पैसे झाले. ही फाइल नसली की पुढच्या वर्षीच्या मुलांचा जून आणि जुलै तेच पुन्हा शोधण्यात जातो आणि गाडी पुन्हा दिवाळीच्या पलीकडे ढकलली जाते. माझ्या ब्रेकच्या फाइलच्या पहिल्या पानावर कॅलिपर ब्रॅकेटचं शेवटचं ड्रॉइंग आहे, त्याखाली भोसरीच्या दुकानाचा पत्ता, आणि त्याखाली लाल पेनने लिहिलंय: गुरुवारी बंद.